धुके, दालने आणि भूकंप

गेल्या पावसाळ्यात आम्ही तीन अद्भुतिका लागोपाठ वाचल्या: सुझॅना क्लार्कची 'पिरानेसी' (२०२०), काझुओ इशिगुरोची 'द बरीड जायंट' (२०१५) आणि एन. के. जेमिसिनची 'द फिफ्थ सीझन' (२०१५). तिन्ही गाजलेल्या, आमच्या मताने त्यांचे काही वाढावे वा घटावे असा भ्रम आम्हांस नाही. परंतु अद्भुताच्या वाचनाला 'पळवाट' म्हणून हिणवण्याची जी रीत आपल्याकडे आहे, तिच्याशी आमचा जुना वाद आहे आणि या पुस्तकांनी तो अधिकच गुंतागुंतीचा केला. कथानके उघड केल्याखेरीज येथे बोलता येणार नाही. रसभंगाची धास्ती असणाऱ्यांनी येथेच थांबावे.

'पिरानेसी'चा पूर्वार्ध वाचताना आम्ही पाने मुद्दाम सावकाश उलटली. एक अंतहीन वास्तू. तिची दालने पुतळ्यांनी भरलेली, तळमजल्यावर समुद्राची भरती-ओहोटी, वरच्या मजल्यांत ढग. नायकाच्या हिशेबी जगात आजवर पंधराच माणसे झाली, पैकी तेरांच्या केवळ अस्थी उरल्या आहेत, आणि तो त्यांना नेमाने अन्नपाणी नेऊन ठेवतो. वर्षाला तो अल्बट्रॉस पक्षी आला त्या घटनेचे नाव देतो. 'पानशेतच्या पुराच्या वर्षी' असे म्हणत काळ मोजणारी माणसे ज्यांच्या घरात होती, त्यांना ही कालगणना परकी वाटू नये. पुढे मात्र कादंबरी रहस्यकथेच्या वाटेला लागते. गूढविद्येचा नाद असलेला प्राध्यापक, जुने गुन्हे, फाडलेली रोजनिशी, सगळ्याचा उलगडा. उलगडा चोख आहे, पण त्या वास्तूला उलगड्याची गरज होती असे आम्हांस वाटले नाही. मनात राहिले ते एवढेच, की नायकाला त्याचे खरे नाव कळते तेव्हा त्या नावाचा माणूस त्याला परका वाटतो.

इशिगुरोने आमची सहनशक्ती पाहिली. आर्थर राजानंतरचा ब्रिटन. म्हातारे जोडपे मुलाच्या शोधात निघते. नवरा बायकोला वाक्यावाक्याला 'राजकुमारी' म्हणतो आणि सर्वजण एकमेकांशी असह्य अदबीने बोलतात. आम्ही पुस्तक दोनदा मिटून ठेवले. तिसऱ्यांदा उघडले ते धुक्यापायी. एका मादी ड्रॅगनच्या श्वासातून ते धुके पसरते आणि त्यात माणसे विसरतात: स्वतःची मुले, भांडणे आणि ब्रिटनांनी केलेली सॅक्सनांची कत्तलही. म्हातारा सरदार गवेन त्या ड्रॅगनला मारायला निघाल्याचे सांगतो. प्रत्यक्षात तो तिचा रक्षक असतो. लोकांना आठवले तर पुन्हा रक्त सांडेल, हा त्याचा युक्तिवाद.

आमची आत्या अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. रोज तिन्हीसांजेला ती विचारते, "हे आले का रे?" आतोबांना जाऊन तीस वर्षे झाली. आरंभी आम्ही खरे सांगत असू आणि प्रत्येक वेळी ती नव्याने विधवा होई. मग घरात ठरले की "येतील हो" म्हणायचे. आतोबा शीघ्रकोपी होते. त्यांची काही बोलणी तिने जन्मभर मनात ठेवली होती. तीही आता पुसली गेली आहेत आणि ती त्यांच्याविषयी नववधूसारखी बोलते. कादंबरीत धुके विरते तेव्हा त्या प्रेमळ म्हाताऱ्याला आठवते, की आपण एके काळी बायकोला मुलाच्या थडग्याकडे जाऊ दिले नव्हते. ते पान वाचून आम्ही बराच वेळ गप्प होतो. गवेनचा युक्तिवाद आमच्या घरातलाच होता. आतोबांचा तो राग आता केवळ आम्हांस ठाऊक आहे, आणि तो आठवत राहणे हे आत्याच्या बाजूचे की विरुद्ध, याचा निर्णय आमच्याने होत नाही. कादंबरी म्हणून 'द बरीड जायंट' आम्हांस आजही अर्धीमुर्धीच आवडते. असो.

जेमिसिनकडे विस्मरण हे धुके नव्हे, राज्यकारभार आहे. भूकंप आवरण्याची शक्ती असलेल्यांना गुलाम करून राबवणारे हे राज्य. ज्या शिलालेखांवर त्याचे शहाणपण उभे आहे, त्यांचा मजकूरही सोयीने बदललेला. या मालिकेच्या तिन्ही खंडांना ओळीने तीन वर्षे (२०१६ ते २०१८) ह्यूगो पुरस्कार मिळाला. प्रारंभीची शंभर पाने मात्र परिभाषेच्या काट्याकुट्यांतून चालावे लागते आणि बोट सतत मागच्या परिशिष्टात. जी. ए. कुलकर्णींच्या 'इस्किलार'ला कोश लागला नाही, ही आमची कुरकूर वाचताना चालूच होती. मग ते चौकीचे प्रकरण येते, जिथे एका बालकाला बुद्धी मारून, खुर्चीला जखडून, केवळ धरणी शांत ठेवण्याचे यंत्र म्हणून जिवंत ठेवलेले असते. त्यानंतर कुरकूर थांबली. याला पळवाट म्हणणाऱ्याने ती खुर्ची एकदा पाहावी.

नवऱ्याने मुलाला मारून मुलीला पळवून नेल्यावर तिच्या शोधात निघालेल्या आईची कथा येथे द्वितीयपुरुषात सांगितली आहे. सांगणारा कोण, हे लेखिका पुष्कळ काळ लपवते. इंग्रजीत ते साधते, कारण तेथील सर्वनाम सलगीही दाखवत नाही आणि आदरही. मराठी अनुवादकाला पहिल्याच वाक्यात 'तू' की 'तुम्ही' हे ठरवावे लागेल आणि 'तू' म्हणताच अर्धे रहस्य फुटेल. आमच्या मते तरीही 'तू'च हवे.

उरलेले दोन खंड मागवले आहेत. त्या मुलीचे काय झाले ते कळायला हवे.