खाडीतला पेच

ठाण्याची खाडी भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावर चालते. साधारण सहा तास पाणी चढते, सहा तास उतरते. आणि उतरले की तिवरांच्या कडेने चिखलाचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडतात. याच चिखलावर थंडीत फ्लेमिंगो उतरतात. २०१५ साली खाडीचा एक भाग त्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला. २०२२ मध्ये त्यास रामसर स्थळाचा दर्जा लाभला. चेंदणी कोळीवाड्यातील एक वृद्ध नावाडी, सर्वांचे आबा, आणि त्यांचा मुलगा आपल्या जुन्या फायबरच्या बोटीतून पक्षिमित्रांना खाडीत नेत असत.

उथळ पाण्यात बोटीमागचे इंजिन वर उचलावे लागते. नाहीतर पंखा चिखलात रुततो. हे काम एक लहानशी मोटर करते. ती पंप फिरवते आणि तेलाच्या दाबाने इंजिन वर येते. फेब्रुवारीतल्या एका सकाळी मुलाने कळ दाबली, पण काहीच हलले नाही. पाणी ओसरले, पंखा रुतला. बोटीत एक दांपत्य आणि त्यांचे लहान मूल होते. भरती येईपर्यंत सारे उन्हात बसून राहिले. पिण्याचे पाणीही संपले. मुलगा घरी परतला तो बोट विकण्याचा निश्चय करूनच.

दुरुस्ती करणाऱ्याने संपूर्ण संच बदलण्यास सांगितले. तो खर्च झेपणारा नव्हता. आबांनी मग डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत आयुष्यभर मोटरी दुरुस्त केलेल्या एका जुन्या स्नेह्यांना बोलावले.

काकांनी आधी मोटरीला हातच लावला नाही. इंजिनाच्या बैठकीवरील एक पेच सैल केला, दोघांना हाताशी घेऊन इंजिन वर उचलले आणि अडकवून ठेवले. मुलगा पाहतच राहिला. मोटर बंद पडल्यास तेलाचा दाब सोडण्यासाठीच तो पेच असतो. इतकी वर्षे तो तिथेच होता. कोणी त्याची चौकशी केली नव्हती.

नंतर बॅटरी, रिले आणि तारांची जोडणी तपासली. मोटरीला थेट बारा व्होल्ट दिले, तरी ती निश्चल. उघडली तेव्हा खाऱ्या पाण्याने कवच पोखरलेले दिसले. खालचे तेल मात्र स्वच्छ होते. पाणी शिरले असते तर ते दुधाळ झाले असते. पंपाचा दांडाही सहज फिरला.

“पंप शाबूत आहे, आबा. मोटर तेवढी बदलू.”

जोडाची जागा पुसून तेल लावलेली नवी रबरी कडी बसवली, मोटरीचा दांडा पंपाच्या खाचेत नेमका जुळवला, तेल भरले. हवा निघून जाईपर्यंत इंजिन अनेकदा वर-खाली केले. बोट विकण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

मुलाने त्या दांपत्याला फोन करून क्षमा मागितली आणि पुन्हा येण्याचा आग्रह केला. उन्हाळा संपण्यापूर्वी तिघेही आले. बोटीत पाण्याचे दोन कॅन भरलेले होते. निघण्याआधी त्याने त्या लहानग्याला प्रथम तो पेच दाखवला आणि मग कळ.