एका नळीची दोन तोंडं

परभणी जिल्ह्यात डिसेंबरची थंडी चांगलीच झोंबते. इथल्या कृषी विद्यापीठात पारा दहाच्या खाली उतरल्याची बातमी हिवाळ्यात हमखास येते. अशा सकाळी पालममध्ये माझी जुनी मारुती ८०० सुरूच व्हायची नाही. सेल्फ जोरात फिरायचा, इंजिन एखादा हुंकार द्यायचं आणि बंद पडायचं. अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला तरच ते तग धरायचं.

गाडी १९९७ची, कार्बोरेटरची, मुंबईत नोंदलेली. चार महानगरांत १ एप्रिल १९९५पासून नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला होता, म्हणून तो हिला मूळचा होता. मी घेतली तेव्हा त्याच्या जागी साधा पाईप जोडलेला होता. बोनेटखालचा काळा डबा, म्हणजे कॅनिस्टर, तोही नव्हता. असे भाग काढले की अ‍ॅव्हरेज वाढतं, हा समज आपल्याकडे पक्का आहे.

बॅटरी ठणठणीत होती. प्लग काढून पाहिले, ठिणगी निळी आणि जोरदार. पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पोचत होतं. दोष हवेत असणार, असं आमच्या वयस्कर मिस्त्रींनी ठरवलं. गाडी रेस देऊन कशीबशी चालू ठेवायला सांगून ते मॅनिफोल्डभोवती कान लावून ऐकत राहिले. एका बारीक नळीच्या तुटक्या टोकातून शूं असा आवाज येत होता. त्यांनी त्यावर अंगठा ठेवला आणि थरथरणारं इंजिन त्या क्षणी एका लयीत आलं.

कॅनिस्टरमध्ये कोळसा असतो. टाकीतली पेट्रोलची वाफ तो शोषून धरतो आणि इंजिन चालू झालं की ती वाफ ओढून जाळली जाते. डबा काढणाऱ्याने इंजिनाकडची नळी उघडीच सोडली होती. कार्बोरेटरला वळसा घालून हवा थेट आत शिरायची आणि मिश्रण पातळ व्हायचं. थंड इंजिनाला तर सुरू होताना दाट मिश्रण लागतं. त्यामुळे चोक ओढूनही उपयोग नव्हता.

ते तोंड बंद केल्यावर सकाळचा त्रास गेला. पण गंगाखेडच्या रस्त्यावर गाडी मध्येच मरायची आणि थोडा वेळ थांबल्याशिवाय पुन्हा सुरू व्हायची नाही. मिस्त्री म्हणाले, “सर, आता बंद पडली की आधी टाकीचं झाकण उघडा.” उघडलं, तर फुस्स करून हवा आत गेली आणि गाडी लगेच सुरू झाली. टाकीकडच्या नळीत स्क्रू ठोकलेला सापडला. पेट्रोल खाली जाईल तशी हवा आत यायला हवी. ती वाट बुजलेली, झाकणातली झडप जाम. पंप तरी किती ओढणार? जे बंद करायचं ते उघडं आणि जे मोकळं ठेवायचं ते बंद, असा उलटा कारभार झाला होता.

नांदेडला जुन्या स्पेअरच्या दुकानात कॅनिस्टर मिळाला. नव्या नळ्या, नवे क्लॅम्प लावले, झडपही बदलली. कन्व्हर्टरचा सुरू होण्याशी काही संबंध नव्हता, तरी तोही बसवून घेतला. धुरातला कार्बन मोनॉक्साइड तो कमी करतो, आणि या वायूला रंग नसतो, वास नसतो. बसस्टँडसमोर चालू गाडीच्या मागे उभ्या असलेल्या पोराला तो कळणार कसा?

जुनी गाडी घेणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: बोनेट उघडा आणि प्रत्येक नळी कुठून निघते, कुठे पोचते, ते बोटाने चाचपून पाहा. स्क्रू ठोकलेलं किंवा लोंबकळतं टोक दिसलं, तर प्लग आणि कार्बोरेटरवर पैसे घालण्याआधी तिथे काय होतं ते शोधा. तो भाग परत बसवा. गाडी सुरू होणं आणि तिचा धूर कमी असणं यांत भांडण नाही. एकाच इंजिनात दोन्ही नीट नांदतात.