उकळत्या पाण्यातला अर्धा तास

दहावीची परीक्षा संपली आणि अब्बांनी मला कुर्ल्याला चाचांच्या कारखान्यात पाठवले. कारखाना कसला, एक लांबट खोली होती! तिथे ॲल्युमिनियमच्या पाट्यांवर रंग चढवत. पण ब्रशने नव्हे. आधी पाट्या विजेच्या धन टोकाला जोडून सौम्य सल्फ्युरिक आम्लात टांगत. त्यामुळे त्यांच्यावर ऑक्साइडचा थर वाढे. मग त्या रंगाच्या पाण्यात बुडवत आणि शेवटी अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवत.

हे शेवटचे काम माझ्याकडे होते. एका संध्याकाळी मित्र क्रिकेटला बोलवायला आले. पाट्या तर लालभडक दिसत होत्या! मी त्या पाच मिनिटांतच बाहेर काढल्या, बांधून ठेवल्या आणि पळालो.

चार दिवसांनी गिऱ्हाईक पाट्या घेऊन परत आले. त्यांनी ओल्या फडक्याने एक पाटी पुसली. फडके लाल झाले. माझे पाय थरथरू लागले.

"चूक माझी आहे. उद्या नव्याने करून देतो," चाचा एवढेच म्हणाले.

ते गेल्यावर चाचांनी मला जवळ बसवले. "बेटा, हा थर मधमाश्यांच्या पोळ्यासारखा असतो. त्याला बारीक छिद्रे असतात. रंग त्यांत शिरतो. उकळत्या पाण्यात थर फुगतो आणि छिद्रांची तोंडे मिटतात. तू दार उघडेच ठेवलेस, मग रंग आत कसा राहील?"

पुढे कॉलेजात मी वाचले, की 1953 साली केलर, हंटर आणि रॉबिन्सन या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या मदतीने या थराची रचना दाखवली. एकमेकांना चिकटलेले षट्कोनी कप्पे आणि प्रत्येकाच्या मध्यभागी एक छिद्र! छिद्र इतके लहान, की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. चाचांनी ते कधी पाहिले नव्हते. तरी त्यांना ते ठाऊक होते.

त्या रात्री आम्ही दोघांनी कॉस्टिक सोड्यात जुना थर काढला आणि सगळे काम पहिल्यापासून केले. खर्च चाचांनी सोसला. मी उकळत्या पाण्यापाशी पूर्ण अर्धा तास उभा राहिलो. मग एक पाटी उचलून ओल्या फडक्याने जोरात पुसली.

फडके पांढरेच राहिले.