बाई म्हणजे कोण?

माझी आई सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात तीस वर्षे प्राथमिक शिक्षिका होती. सगळे गाव तिला 'बाई' म्हणायचे. तिच्या हाताखालून गेलेली मुले मोठी झाली, बापे झाली, तरी रस्त्यात दिसली की सायकलवरून उतरून म्हणणार, "नमस्कार, बाई!"

निवृत्तीनंतर ती आमच्याकडे दिल्लीला आली. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या घरातून हाक आली, "बाई, बर्तन हो गए क्या?" आई लगबगीने बाल्कनीत गेली. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"मला वाटलं, मलाच बोलावतंय कुणी," एवढेच ती म्हणाली.

मला फार वाईट वाटले. आमच्या कार्यालयात देशभरातली माणसे आहेत. दुसऱ्या दिवशी डबा खाताना मी सगळ्यांना विचारले, "तुमच्याकडे बाई म्हणजे कोण?"

राजस्थानी मैत्रीण म्हणाली, "घरच्या लेकीला, नणंदेला आम्ही 'बाईसा' म्हणतो." मीराबाईच्या नावातही हाच आदर आहे. उत्तरेत मैफलीत गाणाऱ्या कलावतीला 'बाईजी' म्हणत, पण तो शब्द उच्चारताना नाक मुरडणारेही होते. पंजाबी सहकारी तर हसूच लागला. त्याच्या माळवा भागात 'बाई' म्हणजे चक्क भाऊ! शिवाय पंजाबीत बाई म्हणजे बावीस. हा आकडा संस्कृत 'द्वाविंशति'वरून आला. जुन्या हिंदीत बाई म्हणजे वात, मूळ शब्द 'वायु'. बंगालीत सोवळ्याओवळ्याच्या वेडाला 'शुचिबाई' म्हणतात, तीही या वायूचीच लेक. कन्नडमध्ये 'बायि' म्हणजे तोंड, तमिळ 'वाय्'ची सख्खी बहीण. कानाला सारखे वाटणारे हे शब्द, पण त्यांची कुळे निरनिराळी.

आणि आपल्या मराठीत? जिजाबाई, अहिल्याबाई, लक्ष्मीबाई. १८४८ साली पुण्यात मुलींना शिकवायला उभ्या राहिलेल्या सावित्रीबाई. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जिचा आवाज अंतराळात गेला, त्या केसरबाई केरकर. गोव्याकडे तर लहान मुलीलाही लाडाने 'बाय' म्हणतात.

संध्याकाळी मोठ्या उत्साहाने मी हे सारे आईला सांगितले. तिला बरे वाटावे, हाच हेतू. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "आपल्याकडे भांडी घासायला येते, तिचं नाव काय गं?"

मी गप्प झाले. तीन वर्षे ती आमच्याकडे येत होती. माझ्या मुलाचा ताप, माझ्या रात्रपाळ्या, सगळे तिला ठाऊक होते. तिच्या खाड्यांचा हिशेब मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहीत असे, पण तिथेही 'बाई' एवढेच लिहिलेले. शेजारणीचा मला राग आला होता, पण मी तरी काय वेगळे करत होते?

दुसऱ्या दिवशी आईने मोडक्यातोडक्या हिंदीत तिला नाव विचारले. काही चुकले की काय, अशा नजरेने तिने आधी माझ्याकडे पाहिले. मग ओल्या हाताने पदर सारखा करत नाव सांगितले. गावचेही सांगितले, मुलीचेही. मुलगी चौथीत आहे, हे मला तेव्हा कळले.

आता आई तिला नावाने हाक मारते आणि नावापुढे 'बाई' जोडते, आपल्याकडे जोडतात तसे. रविवारी तिची मुलगी आईकडे गणिते सोडवायला येते. काल जिन्यातूनच तिने हाक मारली, "बाई, मैं आ गई!"

आई पुन्हा लगबगीने दाराशी गेली. या वेळी हाक तिलाच होती.