पाचशे प्रती

स्वखर्चाने कवितासंग्रह काढणं म्हणजे स्वतःच्या लग्नात स्वतःच वाढप्या होणं. मी ५०० प्रती काढल्या. त्यांतल्या साडेचारशे आजही आमच्या पलंगाखाली सुखरूप आहेत.

परवा भाचीनं अमेरिकेतल्या आनी डिफ्रँकोची हकिगत सांगितली. बफलो शहरची पोर. लोकगीतांच्या वळणाची गाणी स्वतःच रचायची, गिटार घेऊन स्वतःच म्हणायची. १९९० साली, विशीच्या उंबरठ्यावर, तिनं पदरमोड करून ५०० कॅसेट काढल्या. पुढे बड्या कंपन्या दारात आल्या, त्यांनाही नाही म्हणाली. स्वतःचीच कंपनी चालवली.

"म्हणजे अगदी माझ्यासारखीच!" मी म्हणालो.

"तिच्या खपल्या, मामा. स्वतः गाडी हाकत गावोगाव जायची. गाणं संपलं की तिथंच कॅसेट विकायची."

मी गप्प. मी आपला वीस वर्षं आरामखुर्चीत बसून रसिकांची वाट बघत होतो!

रात्री पलंगाखालून एक गठ्ठा ओढला.

"रद्दीवाला येणारेय?" हिनं आशेनं विचारलं.

"नाही. उद्या मीच वाचनालयात जाणार. कविता वाचणार आणि तिथंच पुस्तक विकणार."

ही क्षणभर बघत राहिली. मग म्हणाली, "दोन गठ्ठे न्या. तेवढाच केर काढता येईल."