घोड्यापुरता उजेड

माझा स्टुडिओ वडशाला. कागदोपत्री गावाचं नाव देसाईगंज, पण रेल्वे स्टेशनच्या पाटीपासून नाटकाच्या पोस्टरपर्यंत सगळीकडे वडसाच. दिवाळी झाली की झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात आणि होळीपर्यंत मी बहुतेक रात्री कुठल्या ना कुठल्या गावच्या कनातीत कॅमेरा घेऊन उभा असतो. रात्रीचे फोटो आपल्याला जमतात, असं त्यामुळे मला वाटत होतं. चिमूरच्या घोडायात्रेनं तो समज पहिल्याच वर्षी मोडला.

चिमूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला १६ ऑगस्ट १९४२ आठवतो, नाहीतर ताडोब्याचं कोलारा गेट. आमच्याकडे माघ महिन्यात चिमूर म्हणजे घोडा. श्रीहरी बालाजींची स्वारी रात्री लाकडी घोड्यावरून निघते. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं कडेवर पोरं घेऊन तासन् तास थांबलेली असतात. ब्रह्मपुरी-नागभीडवरून मी संध्याकाळी पोचलो तेव्हा रस्त्याच्या कडेला आधीच रांगा लागलेल्या होत्या. मी कॅमेऱ्यावर फ्लॅश चढवला आणि घोडा जवळ येताच बटण दाबत सुटलो.

घरी येऊन पाहिलं तर प्रत्येक फोटोत पुढच्या माणसांची डोकी आणि खांदे पांढरेफटक, मागे घोडा काळपट, आणि त्याच्या छातीवर फ्लॅशचा एक झगझगीत ठिपका. पणत्या, माळा, दुकानांतले दिवे, सगळी यात्राच फोटोतून गेली होती. अमावस्येच्या रात्री शेतात उभे राहून काढल्यासारखे फोटो.

चूक कुठे झाली ते कळायला वेळ लागला नाही, पण पचायला लागला. उजेड अंतरासोबत फार झपाट्यानं विरतो. पुढचा माणूस अडीच मीटरवर आणि घोडा दहा मीटरवर असेल, तर घोड्यापेक्षा त्या माणसाच्या पाठीवर सोळापट उजेड पडतो. हा हिशेब मला पाठ होता. नाटकात मात्र त्याची गरजच पडली नव्हती, कारण तिथे रंगमंचावरचे दिवे आपलं काम आधीच करून ठेवतात. फ्लॅशवर लावायची पांढरी प्लास्टिकची टोपीही यात्रेत बिनकामाची. लग्नाच्या हॉलमध्ये ती उजेड छताभिंतीवर उडवून मऊ करते. उघड्या आभाळाखाली उजेड परत फिरवायला काहीच नसतं, अर्धा वरच निघून जातो.

त्याआधी एकदा दत्तजयंतीच्या यात्रेला तापीकाठी सारंगखेड्याला गेलो होतो. तिथे जिवंत घोड्यांचा बाजार भरतो, घोडे ढोल-हलगीवर नाचवतात. अंधार पडल्यावर मी समोरून फ्लॅश मारला आणि फोटोत घोड्याचे डोळे हिरवट-निळे पेटलेले आले. घोड्याच्या डोळ्यात पडद्यामागे आरशासारखा थर असतो, अंधुक उजेड पुन्हा वापरता यावा म्हणून. लेन्सच्या शेजारून गेलेला झोत तिथूनच सरळ परत येतो. एक घोडा बिचकून मागे सरला तेव्हा त्याचा लगाम धरलेल्या म्हाताऱ्यानं माझ्याकडे नुसतं पाहिलं. अंधाराला सरावायला घोड्याला माणसापेक्षा जास्त वेळ लागतो, हे मला पुढे कळलं. जिवंत घोड्याच्या तोंडावर मी त्यानंतर कधी फ्लॅश मारलेला नाही.

चिमूरचा घोडा लाकडाचा, तो बिचकत नाही. पण त्याच्याभोवती हजारो डोळे असतात. पहिल्याच वर्षी एक आजीबाई मला म्हणाल्या होत्या, "भाऊ, देव दिसू दे न जी. तुया बत्तीनं डोळेच दिपून गेले." घोडा समोरून पुढे गेला, तेवढ्या चार क्षणांसाठी ती बाई संध्याकाळपासून बसली होती. फोटो वाईट आले याच्यापेक्षा हे मनाला जास्त लागलं. पुढच्या वर्षी कुठला फ्लॅश न्यायचा, याचा निर्णय मी त्या वाक्यावरूनच सुरू केला.

नागपूरच्या दुकानात मला बॅटरीवर चालणारा मोठा स्टुडिओ फ्लॅश दाखवला. दुकानदार चुकीचं सांगत नव्हता. त्याचा जोर भरपूर, त्यावर मोठा सॉफ्टबॉक्स लावला की उजेड मऊ. पण गर्दीत त्याचा स्टँड कुठे रोवणार? सॉफ्टबॉक्सला वारा धरतो, स्टँड पडला तर कुणाच्या तरी डोक्यावर. आणि एवढा झोत हवाच कशाला? मी घरी येऊन वहीत हिशेब केला. माझ्या जुन्या साध्या स्पीडलाइटचा गाइड नंबर, म्हणजे त्याच्या ताकदीचा आकडा, आयएसओ १०० ला ४०. अंतर दहा मीटर आणि अ‍ॅपर्चर ४ धरलं, तर पूर्ण जोर लावावा लागतो. पण आयएसओ १६०० केला की तोच फ्लॅश सोळाव्या हिश्शावर पुरतो. सोळाव्या हिश्शावर झोत बारीक, समोरच्याच्या डोळ्याला कमी टोचणारा, चार सेल रात्रभर चालतात आणि पुढच्या फोटोसाठी थांबावं लागत नाही. आजचे कॅमेरे १६०० ला घाबरत नाहीत. मोठा फ्लॅश मी घेतला नाही. त्या पैशांतून रेडिओ ट्रिगरची जोडी घेतली आणि बरेच पैसे उरले.

मग प्रश्न राहिला उंचीचा. आमच्या गडचिरोलीकडे याचं उत्तर परसातच उभं असतं. बारा-तेरा फुटांचा वाळलेला बांबू काढला, टोकाला फ्लॅश घट्ट बांधला. काठी हलकी, सरळ, ॲल्युमिनियमच्या स्टँडपेक्षा माझा तिच्यावर जास्त भरवसा. ती धरायला भाचा. तो माझ्यापासून आठ-दहा पावलं डावीकडे उभा राहायचा आणि डोक्यांच्या वरून, घोड्याच्या कडेनं उजेड सोडायचा. वरून तिरका सोडला की झोत पुढच्या डोक्यांवरून निघून जातो आणि मुख्यतः घोड्यावरच पडतो. रंगवलेल्या लाकडावरचा तो झगझगीत ठिपकाही गेला. उजेड ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो, आणि आता तो माझ्या लेन्सकडे परतत नव्हता. कडेच्या उजेडानं घोड्याची मान, माळांच्या घड्या, सगळ्याला सावली मिळाली. समोरून मारलेल्या फ्लॅशमध्ये तोच घोडा पुठ्ठ्याचा दिसला होता.

रंगाचा घोळ मात्र पहिल्या रात्री सुटला नाही. फ्लॅशचा उजेड दुपारच्या उन्हासारखा पांढरा, जुन्या हॅलोजनचा आणि पणत्यांचा पिवळसर. दोन्ही एका फोटोत आले की देव कुठल्यातरी दुसऱ्या गावातून कापून आणून चिकटवल्यासारखा दिसतो. फ्लॅशच्या तोंडावर नारिंगी जेल बांधली. ती उजेडाचा तिसरा हिस्सा तरी खाते, म्हणून जोर सोळाव्यावरून आठव्या हिश्शावर आणला आणि कॅमेऱ्याला बल्बच्या उजेडाचं माप दिलं. मग शटर सेकंदाचा पंधरावा हिस्सा इतकं संथ ठेवलं. तेवढ्या वेळात यात्रेचे दिवे फोटोत उतरतात, माणसं थोडी हलतात, आणि फ्लॅश घोड्याला जागच्या जागी धरून ठेवतो, कारण इतक्या कमी जोरावर त्याचा झोत सेकंदाच्या काही हजाराव्या हिश्शात संपलेला असतो. हे हलणं मला आवडतं. गर्दी थिजलेली दिसली तर ती यात्रा वाटत नाही.

मी आणखी एक नियम घालून घेतला. घोडा माझ्यासमोरून जाताना सहापेक्षा जास्त वेळा फ्लॅश मारायचा नाही, आणि अगदी समोर म्हाताऱ्या माणसांची रांग असेल तर एकदाही नाही. भाच्याला हे पटायचं नाही. "मामा, साठ काढले तर एक तरी येईल न." त्याचं गणित खरं आहे. पण ती रात्र आपल्यासाठी भरलेली नसते.

तिसऱ्या वर्षी एक फोटो मनासारखा आला. घोडा डावीकडून येतोय, मानेवर केशरी उजेडाची कड, खाली वर उचललेले हात थोडे पुसट, आणि एका बाईच्या कडेवरचं पोर घोड्याकडे न बघता बांबूच्या टोकाकडे बघतंय. तो मी मोठा करून स्टुडिओत लावला आहे.

आता यात्रेत एलईडी वाढले आहेत. कुणाच्या दुकानावर निळसर पांढरे, कुणाच्या माळेत हिरवे-जांभळे. नारिंगी जेल तिथे उपरी दिसते. गेल्या माघात मी दोन फ्लॅश नेले, एकावर नारिंगी, एकावर काहीच नाही, आणि रस्त्याच्या वळणावर कुठला वापरायचा ते घोडा येईपर्यंत ठरत नव्हतं. भाचा दोन्ही बांबू धरून उभा होता. मागून कुणीतरी म्हणालं, "आला न जी, घोडा आला," आणि मी त्याला नारिंगीवाला वर करायला सांगितलं.