ओहोटीचे माप

तिथीपत्रक नाही असे जैन घर विरळाच. अष्टमी केव्हा, चतुर्दशी केव्हा, ओळीची आयंबिले कोणत्या दिवशी सुरू होणार, हे पाहण्यासाठी घरातील वडीलधारी मंडळी त्यावर रोज नजर टाकतात. कोकण किनाऱ्यावरचा तांडेलही तिथी पाहतो, पण त्याला तिच्यातून पाण्याची वेळ कळते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, जे उत्तर येईल त्या सुमारास मुंबईजवळ भरती पूर्ण होते, असा जुना ठोकताळा आहे. अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठला, चतुर्दशीला साडेदहाला. त्यानंतर सहा तासांहून थोड्या अधिक वेळाने ओहोटी पूर्ण होते. पौर्णिमा आणि अमावास्या यांच्या पाठोपाठ पाणी सर्वाधिक चढते आणि सर्वाधिक उतरतेही, ते उधाण. अष्टमीनंतर हा चढउतार सर्वांत कमी असतो. ती भांगाची भरती.

उघड्या समुद्रात या चढउताराचे फारसे भय नसते, कारण नौकेखाली अथांग पाणी असते. खरी परीक्षा नदीच्या मुखाशी होते. तेथे नदी आपला गाळ आणून टाकते, समुद्र तो परत लोटतो, आणि या ओढाताणीतून वाळूचे दांडे तयार होतात. गेल्या वर्षी जेथे वाट होती तेथे यंदा पुळण असते. शिडाच्या नौकेला तर ही जागा विशेष कठीण. वाऱ्याने ती कलंडू नये म्हणून तिच्या तळाशी जड, खोल कणा असतो. जो कणा समुद्रात तिला तारतो, तोच खाडीत प्रथम वाळूला टेकतो.

म्हणून अनुभवी नाविक खाडीत शिरण्यापूर्वी हिशेब मांडतो. सहा तासांत पाणी सारख्या गतीने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात साधारण १ भाग चढतो, दुसऱ्यात २, तिसऱ्या व चौथ्या तासात प्रत्येकी ३, पाचव्यात पुन्हा २ आणि सहाव्यात १. चढ ३.६ मीटरचा असेल, तर पहिल्या तासात पाणी केवळ ३० सेंटिमीटर वाढते, मधल्या दोन तासांत मात्र १.८ मीटर. उतरतानाही क्रम हाच. ओहोटीचा पहिला तास त्यामुळे फसवा असतो. पाणी अजून पुष्कळ आहे असे वाटत राहते, आणि पुढच्या दोन तासांत ते पायाखालून निघून जाते. भरभराटीच्या शेवटी व्यापारात येणारी पहिली मंदी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा तास परिचयाचा वाटेल.

सागरी नकाशा काढणाऱ्यांनी या फसवणुकीवर एक उपाय केला आहे. नकाशावर छापलेली खोली ही भरतीची नसते, सरासरीचीही नसते. जवळजवळ सर्वांत खोल ओहोटीच्या वेळी जितके पाणी उरते, तितकेच तेथे लिहिलेले असते. त्यापेक्षा जे अधिक मिळेल ते त्या वेळेचे देणे समजायचे. किती पेढ्यांचे ताळेबंद असे मांडले जातात? दिवाळीच्या हंगामातील उलाढाल पाहून वर्षाचा संसार आखणारे अनेक. ज्या महिन्यात दुकानात कोणी फिरकत नाही, त्या महिन्याच्या मापाने खर्च बांधणारे थोडे.

खाडीत शिरण्याचा दुसरा नियम असा, की वाळूच्या दांड्यावरून जायचे ते पाणी चढत असताना. चढत्या पाण्यात नौका टेकली तर थोडे थांबावे लागते. पाणीच तिला उचलते. उतरत्या पाण्यात टेकली तर ती तेथेच अडकते, एका कुशीवर कलते, आणि परतणारी भरती तिला उभी करण्याआधी कधी कधी तिच्यात शिरते. उधाणाच्या ऐन भरतीला जो टेकला त्याची स्थिती सर्वांत बिकट. त्यानंतरची प्रत्येक भरती आदल्या भरतीहून कमी चढत जाते, आणि पुढच्या उधाणापर्यंत सुमारे पंधरा दिवस नौका वाळूवर बसून राहते. चूक तीच असते. घटकेनुसार तिची किंमत बदलते.

जैन व्यापाऱ्यांच्या इतिहासात या विद्येला मोठे स्थान आहे. विसावे तीर्थंकर मुनिसुव्रतस्वामी यांचे तीर्थ असलेले भरूच, म्हणजे प्राचीन भृगुकच्छ, नर्मदेच्या मुखापासून आत वसले आहे. खंभातच्या आखाताचा चढउतार जगातील मोठ्या चढउतारांमध्ये गणला जातो. भावनगरला तो उधाणात सुमारे १० मीटरपर्यंत जातो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात या वाटेचे वर्णन आहे. किनारा इतका सखल, की नदीचे मुख लवकर ओळखू येत नाही. आणि ते सापडले तरी आत उथळ जागा. म्हणून राजाच्या चाकरीतील स्थानिक कोळी आपल्या मोठ्या होड्या घेऊन थेट सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात आणि परदेशी गलबतांना वाट दाखवत आत आणत. भरती सुरू होताच नदीत वर सरकायचे, ओहोटी लागली की ठरलेल्या खोल डोहांत नांगर टाकून थांबायचे, पुन्हा भरतीला पुढे निघायचे. मुखापासून भरूचपर्यंत सुमारे ३०० स्टेडिया, म्हणजे पन्नासएक किलोमीटर अंतर असे टप्प्याटप्प्याने कापले जाई.

ज्यांनी सारा अरबी समुद्र ओलांडला, ते शेवटच्या पन्नास किलोमीटरसाठी एका कोळ्याच्या हाती सुकाणू सोपवत. यात त्यांना कमीपणा वाटला नाही. वाटला असता, तर माल वाळूत गेला असता. गोव्यात मांडवीच्या मुखाशी पावसाळ्यात वाळूचा दांडा वाट अडवी, तेव्हा खनिजाचे पडावही कुंभारजुव्याच्या कालव्यातून वळसा घालून जुवारीत उतरत आणि मुरगाव गाठत. वळसा घेणे म्हणजे हार नव्हे, हे पाण्यावर पोट असलेल्यांना सांगावे लागत नाही.

नौका किती खोल बुडेल, हे तिच्यावरील भारावरही अवलंबून असते. तीच नौका, तोच दांडा, तीच घटका. हलकी असेल तर सहज पार होते, पोते वाढले की टेकते. श्रावकाच्या बारा व्रतांत परिग्रह-परिमाण आहे आणि दिशांची मर्यादा बांधणारे दिग्व्रतही आहे. किती बाळगायचे आणि कोठवर जायचे, हे निघण्याआधी ठरवावे, अशी ही शिकवण आहे. व्यापाऱ्यांच्या धर्माने ही दोन व्रते सांगावीत, यात मोठा व्यवहार आहे. नवपदाच्या ओळीत श्रीपालचरित्र ऐकणाऱ्यांना धवल शेठची भरूच बंदरात अडलेली पाचशे गलबते आठवतील. ती हलावीत म्हणून शेठ एका निरपराध माणसाचा बळी द्यायला निघाला. स्वतःचा लोभ उतरवून ठेवावा, हे मात्र त्याला सुचले नाही.

एवढे करून नौका आत आली, तरी काम संपत नाही. ती बांधावयाची असते, आणि बांधण्याचे माप शिरण्याच्या मापाहून वेगळे असते. पाण्यातील बोया पकडायचा तर प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करून हळूहळू जवळ जावे. प्रवाहाबरोबर जाणारी नौका वेगाने आदळते, आणि गती कमी करावी तर सुकाणू ऐकत नाही. नांगर टाकायचा तर दोर भरतीच्या खोलीने मोजून सोडावा. नुसता दोर असेल तर खोलीच्या सहापट तरी हवा. ओहोटीच्या २ मीटर पाण्याला १२ मीटर दोर पुरेसा वाटतो, परंतु ३.६ मीटर पाणी चढले की तोच दोर खोलीच्या जेमतेम दुप्पट उरतो. नांगर तळ सोडतो आणि नौका झोपलेल्या माणसांसह वाहू लागते. खोली मोजावी ओहोटीने, दोर मोजावा भरतीने. प्रत्येक गोष्ट तिच्या वाईट घटकेच्या मापाने मोजावी, हे त्यातील सूत्र.

धक्क्याला बांधताना हेच सूत्र उलटे फिरते. भरतीच्या वेळी नौका धक्क्याच्या पातळीला असते. तेव्हा कोणी दोर तंग आवळून निर्धास्त गेला, तर ओहोटीत पाणी खाली जाते आणि नौका दोरांवर लोंबकळू लागते. मग दोर तुटतो किंवा दोर अडकवण्याचा खुंटा उपटून निघतो. म्हणून येथे दोर लांब ठेवतात, तिरपे बांधतात. नौकेला खाली जाण्याची आणि पुन्हा वर येण्याची मुभा देतात. दोर असतो, पण तो पाण्याचे काम पाण्याला करू देतो.

पिढीजात पेढी चालवणाऱ्या घरांत हे दृश्य नवे नाही. व्यवसाय भरात असताना वडील मुलाभोवती दोर आवळतात. किल्ल्या स्वतःकडे, सही स्वतःची, निर्णय स्वतःचा. सारे प्रेमापोटीच. मग बाजार उतरतो किंवा मुलाला वेगळी वाट खुणावते, आणि तंग दोरावर सारा भार येतो. काही घरांत तेव्हा बोलणे बंद होते, काहींत पेढीची वाटणी होते. दोर मुळीच न बांधणाऱ्या घरांतील नौका पहिल्या ओहोटीलाच वाहून जाते, हेही तितकेच खरे. वडिलांनी दोर सोडून द्यावा असे नाही. मुलगा खाली जाईल तेव्हा त्याच्याबरोबर खाली येईल आणि तो वर येईल तेव्हा आड येणार नाही, इतका तो लांब असावा.

नौदलाच्या ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेने सहा महिला अधिकाऱ्यांसह १० सप्टेंबर २०१७ रोजी गोवा सोडले आणि पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून २१ मे २०१८ रोजी ती गोव्यात परतली. सारे महासागर पार केलेल्या नौकेलाही शेवटी धक्क्याला लागायचे असते, आणि तेथे पाण्याची वेळ पाहावीच लागते. खाडीत नांगरलेल्या प्रत्येक नौकेवर पाणी फिरण्याच्या सुमारास कोणीतरी उठतो. प्रवाह उलटला की नौका नांगराभोवती पूर्ण फिरते; शेजारच्या नौकेला ती लागत नाही ना, नांगर धरून आहे ना, दोर कोठे घासत नाही ना, एवढे तो पाहतो आणि पुन्हा आडवा होतो. सकाळी कोणाला त्याची आठवणही नसते. घरातही असा एक माणूस असतो, आणि तो आहे म्हणून बाकीच्यांना झोप लागते.